पुठ्ठ्यावर लिहिलेली बातमी

मित्रांनो, जपून, माझ्या दांड्याचा गंज हाताला लागेल. मी कोरियातल्या इंचन शहरातली रद्दीची हातगाडी. एकवीस वर्षांपूर्वी एका वेल्डरने मला जोडले आणि त्याच दिवशी प्यो मालसुन आजी मला ओढत घरी घेऊन गेल्या. दुकानादुकानांतून त्या खोकी गोळा करत, पायाने चपटी करत आणि माझ्यावर रचत. दर रविवारी माझ्या चाकांना तेल घालत.

आधी आम्ही फुटपाथवरून जायचो. एकदा पोलिसाने अडवले.

"आजी, कायद्यानं ही गाडी वाहन आहे. मोटारींच्या रस्त्यानंच न्यायची."

आजींचे यजमान गु बोंगनाम आजोबा चिडले. "अगं, गुपचूप फुटपाथवरनं ये. कोण बघतंय?"

"तुम्ही गप्प बसा हो! उद्या कुणी म्हणायला नको, म्हातारीला नियम कळत नाही."

आमच्याकडे वाहने उजवीकडून चालतात, म्हणून तेव्हापासून आम्ही रस्त्याच्या अगदी उजव्या कडेने जाऊ लागलो. आजी पिवळे चकाकणारे जाकीट घालत.

यंदाच्या वसंतात, लख्ख दुपारी, मागून मोटार आदळली. माझा दांडा वाकला. आजी उठल्या नाहीत. "फोन बघत होतो, फोन बघत होतो," असे मोटारवाला सगळ्यांना सांगत होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले: 'हातगाडी रस्त्यावर आल्याने मोटारीला अपघात, वृद्धेचा मृत्यू.' आजोबांनी ते तीनदा वाचले आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला.

"साहेब, मोटार एकटीच चालली होती का? आत कुणीच नव्हतं?"

"आजोबा, आम्ही नेहमी असंच लिहितो."

"अहो, ती नियमानं चालली होती! एवढं तरी छापा."

"बातमी जुनी झाली आता."

फोन ठेवून आजोबा हमसून हमसून रडले. मला रडताही येईना. जिने मला तेल घातले, तिचा जीव माझ्यामुळे गेला, असे सगळे शहर वाचत होते.

आता आजोबा मला ओढतात. माझी चाके करकरतात. तेलाची बाटली कुठे असायची, ते आजींनाच ठाऊक. आठवड्याने तोच अंक रद्दीत आला, गठ्ठेच्या गठ्ठे, आणि मला तो वाहावा लागला. त्या दिवशी आजोबांनी एक पुठ्ठा घेतला, जाड पेनाने लिहिले आणि माझ्या मागे बांधला.

'प्यो मालसुन, वय अठ्ठ्याहत्तर. नियमाने उजव्या कडेने चालल्या होत्या. मोटार चालवणारा माणूस फोन बघत होता.'

पावसात अक्षरे फुटतात. आजोबा नवा पुठ्ठा शोधतात, तेच पुन्हा लिहितात.

मित्रांनो, अशी बातमी वाचाल तेव्हा मोटार कोण चालवत होते, एवढे विचारा. मला दोष दिलात तरी चालेल, आजींना देऊ नका. आज सकाळीच आजोबांनी चौदावा पुठ्ठा बांधला आहे. जरा थांबा, वाचून जा.