मेंढ्यांचं फाटक

समुद्राच्या बांधावर सायकल चालवताना आमचा एकच नियम. पुढे असेल त्याने उतरून वाटेत आडवं येणारं मेंढ्यांचं फाटक उघडायचं, मागच्याला पुढे सोडायचं आणि फाटक लावून स्वतः मागे राहायचं. म्हणजे समोरचा वारा दोघांच्या वाट्याला सारखा येतो. फ्रीसलंडच्या किनाऱ्याने तंबू लादून आम्ही नवराबायको दर उन्हाळ्यात असेच फिरतो.

यंदा मात्र माझ्या नवऱ्याच्या, विबेच्या छातीवर टाक्यांची रेघ होती. वारा तर असा, की मेंढ्यासुद्धा पाठ फिरवून उभ्या. म्हणून पुढे मी असले तरी फाटक आलं की ओरडायचे, "विबे, तू उघड, माझे गुडघे धरलेत!" तो उघडायचा आणि पुन्हा मीच पुढे.

तिसऱ्या फाटकाशी तो सायकलवरून उतरलाच नाही.

"काय गं हिल्के, तुझे गुडघे फक्त फाटकापाशीच धरतात वाटतं?"

"तुला जपायला नको?"

"डॉक्टर म्हणाले, खुशाल चालव सायकल. तू शेजारीच बसली होतीस. उघड."

"आणि वाटेत आडवा झालास तर?"

"तर तिथेच तंबू ठोक. पण माझी पाळी मला दे."

असा संताप आला! मी दाणकन फाटक उघडलं. तो मान खाली घालून वाऱ्यात घुसला. मी फाटक लावून त्याच्या पाठीशी आले. तो इतका हळू चालला होता, की मला ब्रेक दाबावा लागत होता.

पुढच्या फाटकापर्यंत मी तो दाबून धरला.