शेजाऱ्याची गाडी

ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या नंबर प्लेटांवर श्रीनिवासचा राग होता. त्यांच्यावरून गाडीचं वय कळत नाही; वाढदिवस लपवणाऱ्या माणसांसारख्या नुसत्या समोरून जातात. इंग्लंडात असं नव्हतं. तिथे नंबराच्या शेवटी एक अक्षर असे, दर ऑगस्टला ते बदले, आणि शेजाऱ्याने गाडी नवी आणली की जुनी, हे सगळ्या गल्लीला पडद्याआडून वाचता येई. बर्मिंगहॅमच्या मोटार कारखान्यात अकरा वर्षं काढून श्रीनिवासने ही विद्या मिळवली होती. टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीतून रिटायर झाल्यापासून ती पडून होती, गिऱ्हाईकच नव्हतं.

म्हणून चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये पॅट्रिकचा फोन आला, "एक इंग्लिश नंबर वाचून दे रे," तेव्हा तो घाईत स्वेटर उलटा घालून निघाला.

पॅट्रिक वसईचा. इथल्या हॉस्पिटलात भूल देण्यात त्याचं आयुष्य गेलं. बायको मिल्ड्रेड जाऊन वर्ष होत आलं होतं. चर्चमधल्या वर्षाच्या मिस्साला वाटायला त्याला कार्ड छापायचं होतं: एका बाजूला मिल्ड्रेड, दुसऱ्या बाजूला फ्रँकी. फ्रँकी त्यांची थोरली. लीड्सला सत्तरच्या जानेवारीत जन्मली आणि एप्रिलमध्ये गेली. तिचा एकच फोटो होता आणि त्याच्यापुढे पॅट्रिक रोज संध्याकाळी मेणबत्ती लावत असे.

"तारीख घालायचीय," पॅट्रिक म्हणाला. "फेब्रुवारी की मार्च, आठवत नाही. फोटो मोठा करून आणला, तर मागच्या गाडीचा नंबर दिसायला लागला. त्यावरून काही अंदाज लागतो का बघ."

फोटोत तरुण मिल्ड्रेड, शालीत गुंडाळलेलं बाळ आणि मागे चकचकीत मोटार.

"गाडी तुझी?"

"कसली माझी. शेजाऱ्याची. त्याने नवीकोरी आणली, तो बाहेर यायच्या आत आम्ही उभे राहिलो. वसईला पाठवायला."

"आम्हीपण पुण्याला पाठवला होता तसला. दुसऱ्याच्या बॉनेटवर माझा हात. बाबांनी पेढे वाटले."

पॅट्रिक हसला. श्रीनिवासने भिंग धरलं. "एनडब्ल्यू म्हणजे लीड्स. बरोबर. आणि शेवटी..."

शेवटी के होता.

"एच असेल," पॅट्रिक म्हणाला. "सत्तरच्या सुरुवातीला एच चालू होता. तेवढं मलाही येतं."

एच म्हणून टाकणं अगदी सोपं होतं. पण श्रीनिवासला पॅट्रिकची धाकटी मुलगी जॅनेट आठवली, एकाहत्तरच्या ऑक्टोबरमध्ये जन्मलेली. आईच्या अंत्यविधीला ब्रिस्बेनहून आली होती. याच फोटोपुढे उभी राहून त्याला म्हणाली होती, "हिचा निदान एक तरी आहे, अंकल. माझा बेबी फोटो नाहीच." हसत म्हणाली होती.

"के आहे, पॅट्रिक."

"एचनंतर एक अक्षर गाळतात ना? तिथे हिशेब चुकत असेल तुझा."

"आय गाळूनच मोजलं. एच, जे, के. के एकाहत्तरच्या ऑगस्टला निघाला."

"पाटी मागून बदलली असेल."

"मागून म्हणजे या फोटोच्या आधीच ना? फ्रँकी होती तेव्हा के अक्षर कुठल्याच गाडीवर नव्हतं रे."

पॅट्रिकने भिंग घेतलं. बराच वेळ बाळाकडे बघत राहिला. गाडीकडे त्याने पाहिलंच नाही.

"मी मेणबत्ती लावायला लागलो की मिल्ड्रेड किचनमध्ये जायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, तिला बघवत नाही."

श्रीनिवासने उलट्या स्वेटरची शिवण चाचपली. एवढं बरोबर वाचून इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

पॅट्रिकने ब्रिस्बेनला फोन लावला. पलीकडचं श्रीनिवासलाही ऐकू येत होतं.

"जॅनेट, तुझा एक फोटो सापडलाय. लहानपणचा. मम्मीच्या हातात आहेस."

"रिअली? व्हेअर वॉज इट?"

"इथेच होता. भिंतीवर."

 पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि पॅट्रिक "हो, हो" म्हणत राहिला.

कार्ड जुलैत छापून आलं. एका बाजूला मिल्ड्रेड हसतेय. दुसऱ्या बाजूला फक्त फ्रँकीचं नाव, जानेवारी ते एप्रिल १९७०, आणि वर मोकळी जागा. फोटो द्यायचा राहिला का, असं छापणाऱ्या पोराने दोनदा विचारलं.

"नो वरीज, मेट," पॅट्रिक दोन्ही वेळा म्हणाला. "एवढंच आहे."