खाली दिवा, वर बर्फ
सन सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या डॉक्टर विश्वंभररावांच्या घरातलं घासलेटवर चालणारं बर्फाचं कपाट एकाएकी थंड होईना. खालचा दिवा तर नीट जळत होता. डॉक्टरांच्या पत्नी पद्मजाबाईंनी वात वाढवून पाहिली. नुसता धूर झाला आणि आतलं दूध नासलं. त्यांनी स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या जहांगीरभाईंना बोलावलं.

जहांगीरभाईंनी वात कातरली, धुराडं झाडलं. ज्योत निळी झाली, पण कपाट कोमटच राहिलं.

"बाई, खाली आग लावून वर बर्फ काहून मागून राहिल्या तुमी?"

"मला तरी कुठं कळतंय, भाई? पण परवापर्यंत व्हायचा."

"परवा काय केलं?"

"फरशी धुवायला कपाट हलवलं होतं."

जहांगीरभाईंनी कपाटावर पाण्याची थाळी ठेवली. पाणी एका कडेला सरकलं. त्यांनी एका पायाखाली लाकडाची चीप सारून कपाट बराबर केलं.

दुसऱ्या दिवशी जहांगीरभाई पाहायला आले, तेव्हा पद्मजाबाईंनी बर्फाचा खडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"कपाट कललं की थंडी जाते कुठं हो?"

"अल्ला जाने," असं म्हणून जहांगीरभाई खाली वाकले आणि त्या ज्योतीकडे बघत राहिले. बोटांतून पाणी गळत होतं.