गोड म्हटलेला साबण

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली मी चौतीस वर्षं साबण शिजवला. मित्रांनो, साबण कसा जन्मतो ते मी माझ्या पोटात पाहिलं आहे. क्षाराने तेल फुटतं आणि त्यातून लांब शेपटीचा एक जीव सुटतो. त्याच्या शेपटीला पाणी नकोसं, डोक्याला हवंहवंसं. त्या डोक्याशी सोडियम घट्ट बिलगला, की साबणाची वडी टणक होते. पोटॅशियम अंगाने मोठा, पण मायेने सैल. त्याचा साबण खळीसारखा लिबलिबीत राहतो. दोघांचे क्षार मात्र दिसायला सारखेच पांढरे.

माझा मालक साबण जिभेने तपासायचा. निवलेला कण जिभेच्या टोकावर ठेवायचा. चटका बसला तर क्षार उरलाय. नाही बसला, तर म्हणायचा, "गोड." मग त्याची लेक उघड्या हातांनी माझा तळ खरवडायची. ढवळताना ती गुणगुणायची:

तेल रुसलं पाण्यावरी, पाणी तेलाला बोलेना
क्षार मध्ये उभा राही, हात दोघांचा सोडेना

पुढे पुढे मालक जेवताना दोनदा मीठ मागू लागला. "बाबा, समुद्रच वाढू का ताटात?" लेक हसायची. तोही हसायचा. एकदा ती नसताना त्याने कच्च्या क्षाराचं पाणी जिभेला लावलं. पापणीसुद्धा हलली नाही. त्याची जीभ मेली होती. ते त्याला कळलं आणि मला. तो कुणाला बोलला नाही, आणि मला तोंड नव्हतं.

एका सकाळी दुकानदाराने चुकून सोडियमच्या सोड्याऐवजी पोटॅशचा, म्हणजे पोटॅशियमच्या क्षाराचा डबा धाडला. घाणा शिजला, पण घट्ट होईना.

"क्षार कमी पडलाय," मालक म्हणाला आणि आणखी ओतला.

"बाबा, मीठ टाकू या ना. साबण वर येईल, खालचं पाणी फेकून देऊ."

"मीठ टाकून साबण फाडायचा? माझ्या हयातीत नाही!"

मित्रांनो, त्या मिठात सोडियमच होता. तो आला असता, तर साबण वर तरंगला असता आणि जास्तीचा क्षार खाली पाण्यात राहिला असता.

"बरं, मग आज मी चाखते."

"तुझी जीभ कशाला जाळतेस गं? माझी आहे की." त्याने कण जिभेवर ठेवला. "गोड."

तिने निवलेल्या घाण्यात कोपरापर्यंत हात घातले. हा क्षार लगेच ओरडत नाही. बोटं बुळबुळीत झाली, तिला वाटलं साबणच आहे. ती तिची स्वतःची कातडी होती.

आता तिची बोटं मिटत नाहीत. साबण बंद झाला. मी पालथी पडले आहे आणि माझ्या पाठीला भोकं पडली आहेत. त्यांतून मला दिसतं: मालक स्वतः रांधतो, लेकीला घास भरवतो आणि दर वेळी विचारतो, "मीठ बरोबर झालंय ना गं?"

भाजी खारट असते. ती घास गिळते आणि म्हणते, "गोड झालीय, बाबा."

मित्रांनो, मला घासूपुसू नका, माझं आता काही होणार नाही. पण तुमच्या घरात कुणी रोज तुमच्या आधी चटका घेत असेल, तर त्याच्या 'गोड'वर विसंबून उठू नका. जरा जवळ बसा. विचारा, जीभ दुखते का?