छताला बांधलेला बर्गर

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे, जाहिरात करून झालेलं कापड. माझ्यावर खाटेएवढा बर्गर छापलेला आहे. आता फार थकलोय, तरी थोडं सांगतो.

छापखान्यातले कामगार मला पाहून म्हणाले, "नुसतं बघूनच तोंडाला पाणी सुटतंय!" मी हुरळून गेलो. वाटलं, आता बंगल्यांसमोर मिरवायचं. पण मला चढवलं ते पत्र्याच्या घरांच्या वस्तीतल्या उंच फलकावर. शेजारी शीतपेय, समोर चिप्स, पलीकडे तळलेली कोंबडी.

"बंगल्यांकडे घड्याळांच्या आणि शाळांच्या जाहिराती लावतात. हे खाण्याचं सगळं इकडेच," मला चढवणारे काका दोर आवळत म्हणाले.

तिथे उन्हात उभा राहून मी येणाऱ्याजाणाऱ्यांची भूक चाळवत राहिलो. दुसरं काही मला येतच नव्हतं.

पुढे नवी जाहिरात आली. काकांनी मला उतरवून वस्तीतल्या भाजीवाल्या ताईंना देऊन टाकलं. त्यांचा पत्रा फार तापायचा. त्यांनी मला पत्र्याखाली छतासारखं ताणून बांधलं. एवढं देखणं चित्र झाकायचं कशाला, म्हणून चित्राची बाजू घरात ठेवली. हौसेने केलं बिचारीने, आणि तिथेच चुकलं.

त्यांची लेक चिमणी अंथरुणावर पडली की डोळ्यांसमोर मीच. हळूहळू ती ताटावर रुसायला लागली. "भोपळा नको. मला तो हवा," म्हणत माझ्याकडे बोट दाखवायची आणि दोन घासांत उठायची. पोर वाळून काडी झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रागावल्या. दिवसभर लोकांना ताजी भाजी निवडून देणारी ती आई शेगडीपाशी बसून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण चित्राला तोंड लपवता येतं थोडंच?

डोळे पुसून ती उठली, दोऱ्या सोडल्या आणि तिने मला उलटं बांधलं. आता तोंड पत्र्याकडे, घरात नुसती कोरी पाठ.

"आई, तो कुठे गेला?"

"झोपला. पोट भरलं त्याचं. आता तुझं भरू दे."

चिमणी बराच वेळ वर बघत राहिली. मग नाक मुरडत तिने भोपळ्याचा घास घेतला. त्या दिवशी ताट रिकामं झालं.

इथे अंधार आहे, तापलेल्या पत्र्याने माझे रंग सोलवटतात. त्याची तक्रार नाही. पण मित्रांनो, सकाळी दार उघडलं की चिमणी उंबऱ्यातच थबकते. समोरच्या उंच फलकावर माझ्या जागी नवा बर्गर लागलाय, माझ्याहून मोठा. तिथवर तिच्या आईचा हात पोचत नाही. मोठेपणी तुमचा पोचला, तर त्यालाही उलटं बांधा.