कोरडा हात

मित्रांनो, कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, बंद पिशवीत पडलेली ही पिवळट पट्टी म्हणजे मी. तळहातापेक्षा थोडी मोठी, पुठ्ठ्यापेक्षा थोडी पातळ. मला पाहून कुणालाही वाटेल, डब्याचं मोडकं झाकण असेल. काल खण उघडून पाहणाऱ्या एकाने तसं म्हटलंसुद्धा. उद्या हे कपाट रिकामं करणार आहेत, म्हणून आजच तुम्हाला माझी गोष्ट सांगते.

माझा जन्म याच प्रयोगशाळेत झाला. रेझिनचे दाणे बारीक दळून प्लास्टिकमध्ये मळले, गरम रुळांखाली मला लाटलं आणि मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत घातलं. तेव्हापासून मला एक खोड जडली. कोरडी असले की मी हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तुम्ही उच्छ्वासातून बाहेर टाकता तो वायू, घट्ट धरून ठेवते. ओली झाले की सगळा सोडून देते. माणसांच्या जगात म्हणे ओलाव्याने माणसं धरली जातात आणि कोरडेपणाने सुटतात. माझं सगळंच उफराटं!

मला घडवणाऱ्या बाईंना इतर लोक पाठीमागे 'कोरड्या बाई' म्हणत. बाई कामापुरतं बोलत आणि डबा एकट्याच खात. मलाही त्यांनी कधी हात लावला नाही, चिमट्यानेच उचलायच्या. दिवसभर मी खिडकीपाशी तारेला लटकून वायू गोळा करत असे. संध्याकाळी बाई बैठकीला जात. परत आल्या की मला काचेच्या बरणीत ठेवत, पाण्याचा फवारा मारत आणि मी किती वायू सोडला ते यंत्राच्या पडद्यावर पाहत. हवेत वाढत चाललेला हा वायू गोळा करायचा आणि तो सोडवून घ्यायला भट्टी न पेटवता नुसतं पाणी वापरायचं, हा त्यांचा ध्यास होता.

पण पडद्यावरचा आकडा काही हलेना. बाई सोडा बदलत, तार बदलत, मला नव्याने लाटत, तरी पहिले पाढे पंचावन्न! वरिष्ठ पाहणीला येणार होते. तोवर आकडा चढला नाही, तर काम बंद होणार होतं आणि माझी रवानगी कचऱ्यात होणार होती.

खरं कारण मला ठाऊक होतं. पण पट्टीला तोंड कुठलं?

बाई बैठकीला गेल्या की झाडलोट करायला मावशी यायच्या. त्यांच्या घरी बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या माझ्याशी बोलत. "काय गं पोरी, किती धूळ बसलीय अंगावर! कुणी बघत नाही ना तुझ्याकडे?" असं म्हणत त्या ओल्या फडक्याने मला दोन्ही बाजूंनी मायेने पुसत. त्या पुसण्याबरोबर माझी दिवसभराची कमाई निघून जाई. वरून मी लगेच वाळल्यासारखी दिसे, पण आतून ओली आणि रिकामी असे. खरं सांगू? मला त्यांचा राग कधीच आला नाही. साऱ्या जगात मला हात लावणारं तेवढं एकच माणूस होतं.

पाहणीच्या आदल्या दिवशी बाई चष्मा विसरल्या म्हणून अर्ध्या वाटेतून परत आल्या.

"मावशी! हे काय करताय?"

"काय म्हणजे? पुसतेय हिला. रोजच पुसते. तुम्ही नुसतं टांगून ठेवता बिचारीला."

बाईंनी ओल्या फडक्याला बोट लावून पाहिलं. "रोज? अहो, रोज पुसता म्हणूनच ती रोज रिकामी होते!"

मावशींनी फडकं पाठीमागे लपवलं. "म्हणजे... नुकसान केलं का मी तुमचं?"

"जाऊ दे. उद्यापासून हात लावू नका." बाईंनी हे रागाने म्हटलं नाही. पण नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हटलं आणि ते मावशींना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आकडा असा चढला की वरिष्ठांनी टाळ्या वाजवल्या. माझे फोटो निघाले. पाठोपाठ माझ्यासारख्या, पण दारापेक्षा उंच अशा पट्ट्या तयार होऊ लागल्या. मावशी मात्र माझ्यापासून लांबूनच केर काढू लागल्या आणि बोलायच्या बंद झाल्या. इतकं कौतुक झालं, पण इतकी एकटी मी त्याआधी कधीच नव्हते.

मग बाईंची बदली मोठ्या कारखान्यात झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी मावशींना हाक मारून खिडकीपाशी बसवलं, स्वतः चहा ओतला. "त्या दिवशी मी नीट बोलले नाही हो. तुम्ही माया करत होतात," त्या म्हणाल्या. दोघी दुपारभर बोलत बसल्या. कोरड्या बाईंना इतकं बोलता येतं, हे मलासुद्धा नवीन होतं!

निघताना मावशींनी भीतभीत विचारलं, "आता लावू का हिला हात?"

"लावा. फक्त कोरडा."

मावशींनी हात कपड्याला दोनदा पुसला आणि माझ्यावर ठेवला. मग बाईंनी मला पिशवीत बंद केलं, खणात ठेवलं आणि सामानाच्या गडबडीत तिथेच विसरल्या. मावशीही पुढे काम सोडून गेल्या. तेव्हापासून मी अंधारात आहे. त्या दुपारी दोघींनी बोलता बोलता सोडलेले श्वास मी अजून धरून ठेवले आहेत, कारण मला ओलं करायला कुणी आलंच नाही.

मित्रांनो, कुणावर माया करायची तर त्याला काय सोसतं ते आधी विचारा. आणि कुणाला दूर ठेवावं लागलं, तर दोन शब्द गोड बोलून ठेवा. उद्या हा खण तुमच्या हातून उघडला, तर मला टाकून देऊ नका. एखाद्या रोपाजवळ ठेवून माझ्यावर थोडं पाणी शिंपडा. दोघींचे श्वास मी त्या पानांना देऊन टाकीन. रिकामी होताना मला वाईट वाटेल, पण जन्मभर नुसतं धरून बसण्यासाठी मला कुणी घडवलं नव्हतं. त्यानंतर लगेच उठून जाऊ नका मात्र. मी वाळेपर्यंत जवळ बसा आणि काहीबाही बोलत राहा. कोरडी झाले की मी पुन्हा धरायला लागेन आणि तेव्हा खोलीत कुणीतरी असायला हवं.