उचलल्यानंतर

"रॉय, वाकू नकोस हं! कोण कुठून बघत असेल!"

हॉटेलात कोट काढून ठेवायच्या जागीच एका वकिलाने आरोळी ठोकली आणि आजूबाजूचे सगळे खो खो हसले. रॉय बेंडिकही हसला. न हसून करतो काय? उभा जन्म त्याने विमा कंपन्यांसाठी हेच काम केलं होतं. कामावर जायबंदी झालेल्या माणसाच्या घरासमोर व्हॅन लावायची, आत दडून बसायचं, आणि पाठ गेली म्हणणारा माणूस किराण्याची पिशवी उचलतो का, ते कॅमेऱ्यात पकडायचं. मागच्या हिवाळ्यात त्याच व्हॅनमधून उतरताना तो बर्फावरून घसरला आणि त्याची स्वतःचीच पाठ गेली. मग त्यालाही भरपाईचा दावा लावावा लागला. जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. सुनावणी येत्या सोमवारी होती.

अमेरिकेतल्या ईरी शहरातल्या भरपाईवाल्यांचा हा वार्षिक मेळावा. वकील, डॉक्टर, नर्सा, विमा कंपन्यांचे दावे तपासणारे, निवाडे देणारे न्यायाधीश. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारी ही माणसं त्या दुपारी एका छताखाली कोंबडी आणि कुस्करलेले बटाटे खातात आणि आपल्यातल्याच कुणाचा तरी प्रदीर्घ सेवेबद्दल सत्कार करतात. ज्यांच्या मोडक्या हाडांवर हा सगळा संसार उभा आहे, त्यांना मात्र कुणी बोलवत नाही. त्यांना बघून घास उतरायचा नाही, एवढं तरी भरपाईवाल्यांना कळतं. यंदा मान रॉयचा होता.

रॉयला सत्काराची हौस नव्हती. त्याचं सगळं चित्त सोमवारकडे लागलं होतं. त्याच्या बायकोला, मार्लिसला, पक्षाघाताने डाव्या बाजूला लुळं केलं होतं. घरी येऊन तिचा व्यायाम घेणाऱ्या बाईमुळे ती आत्ता कुठे काठी टेकत चालायला लागली होती. दावा मंजूर झाला तर ती बाई चालू राहणार होती. दावा पडला की ती बंद, आणि मार्लिस पुन्हा अंथरुणाला. सगळं इतकं सरळ होतं.

जेवणं आटोपली, चेरीचं गोडधोड आलं, आणि संघटनेची अध्यक्ष ग्वेन माइकपाशी उभी राहिली. ती एकेकाळी विमा कंपनीत दावे तपासायची आणि रॉयला कामगिरीवर पाठवायची.

"आज आपण पाळतवाल्यावर पाळत ठेवणार आहोत," ती म्हणाली. पडदे ओढले गेले.

आधी जुने फोटो आले. केस असलेला रॉय, व्हॅनपाशी सँडविच खाणारा रॉय. लोकांनी टाळ्या पिटल्या, टोमणे मारले. मग शेवटी चित्रणाचा एक तुकडा आला.

रस्त्याच्या पलीकडून दिसणारं घर. ते रॉयचं घर होतं. अंगणभर बर्फ. बर्फात मार्लिस पडलेली, गळ्यात लाल मफलर. घरातून रॉय बिनकोटाचा धावत येतो, वाकतो, तिच्या काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालतो, आणि तिला अख्खीच्या अख्खी उचलून ओसरीच्या पायऱ्यांकडे नेतो. पहिल्या पायरीवर त्याचा पाय पडतो. चित्र संपतं.

सभागृह हशाने दणाणून गेलं. कुणी शिट्टी मारली, कुणी ओरडलं, "आता घाल याचा दावा चुलीत!"

रॉयची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर गेली होती. सगळे चित्रातल्या माणसाकडे बघतात, पाळतवाला आधी कोपऱ्याकडे बघतो, कारण कोपऱ्यात तारीख असते. कोपऱ्यातली तारीख उद्याची होती.

त्याने मार्लिसला असं कधी उचललंच नव्हतं. तिच्याकडे लाल मफलरही नव्हता. आणि ते चित्र एका बाजूला जरासं कललेलं होतं. स्टिअरिंगवर डावं कोपर टेकून कॅमेरा धरला की तसं होतं. तसा कॅमेरा अख्ख्या ईरीत एकच माणूस धरायचा, तो स्वतः.

काचेचं सन्मानचिन्ह हातात घेऊन तो काहीतरी दोन वाक्यं बोलला. काय बोलला ते त्यालाच कळलं नाही. खाली उतरताच त्याने ग्वेनला कोपऱ्यात गाठलं.

"तो शेवटचा तुकडा कुठून आणलास?"

"म्हणजे? तूच तर पाठवलास! टपालाने आला. पाकिटावर अक्षर तुझं, मी काय ओळखत नाही?"

"मी नाही पाठवला."

"बरं बाबा, नाही तर नाही." ग्वेनने त्याच्या दंडावर थापटलं. "जुनाच आहे ना, पाठ जायच्या आधीचा? सगळ्यांना कळतं ते. नवा असता तर सोमवारी तुझी धडगत नव्हती. आणि हे घे, मार्लिसला दे. आमच्या मुलींनी विणलंय."

तिने हातात दिलेला खोका त्याने गाडीत बसल्यावर उघडला. आत लाल मफलर होता.

रॉय भित्रा नव्हता. त्याच्यावर लोकांनी कुत्री सोडली होती, एकाने तर बंदूक दाखवली होती. पण तो मफलर त्याला गाडीत शेजारी ठेववेना. तो उतरला, डिकी उघडली आणि बर्फ वितळवायला पायऱ्यांवर टाकतात त्या मिठाच्या पोत्याखाली त्याने मफलर कोंबून टाकला.

घरी येताना त्याच्या डोक्यात स्टॅन गुरेकी होता. ओतकामाच्या कारखान्यात त्याची कंबर मोडली होती. त्याच्या घरासमोर रॉयने कितीतरी दिवस काढले, हाती काही लागेना. मग एका संध्याकाळी स्टॅनची पोरगी सायकलवरून आपटली, गुडघा फुटला, किंचाळायला लागली. स्टॅनने धावत येऊन तिला उचललं. रॉयने तेवढं घेतलं, कॅमेरा बंद केला आणि किल्ली फिरवली. मिळायचं ते मिळालं होतं. मग कशाला थांबायचं? सुनावणीत ते चित्र दाखवलं गेलं, तेव्हा स्टॅनची बायको उठून उभी राहिली होती. "उचललं ते दिसलं तुम्हाला," ती म्हणाली होती. "त्यानंतर तो गवतावर पडला. गुरासारखा ओरडत होता. मी आणि शेजारणीने त्याला फरफटत आत नेलं. ते कुठाय?"

न्यायाधीशाने रॉयकडे पाहिलं होतं. "माझ्याकडे एवढंच चित्रण आहे, साहेब," रॉय म्हणाला होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. दावा पडला. पुढे त्या घराचं काय झालं, ते रॉयने कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन आली होती. राखाडी रंगाची, रस्त्यापलीकडे, त्याने स्वतः लावली असती नेमकी त्याच ठिकाणी. काचेवर आतून वाफ धरली होती आणि त्या वाफेत तळहाताएवढी जागा पुसलेली होती. त्या जागेमागे फक्त काळोख होता.

मार्लिस टोस्टला लोणी लावत होती. तिचं बोलणं आता सावकाश यायचं, पण जिभेची धार तीच होती.

"समोर कुणीतरी बसलंय रे. केव्हाचं."

"बघू नकोस तिकडे. आज बाहेर पाऊल टाकायचं नाही."

"का? आज काय बाहेर वाघ सुटलाय?"

"मार्लिस, एवढं एक ऐक माझं."

तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "तुझ्यावर पाळत आहे होय," ती म्हणाली. "म्हणून इतका पांढरा पडलायस. अरे, असू दे की. तो काय, पोटासाठीच बसलाय. तूही बसायचास. या थंडीत, इंजिन बंद करून." थोडं थांबून तिने विचारलं, "तुला कधी कुणी कॉफी आणून दिली का रे?"

"लपून बसलेल्याला कोण कॉफी देतं, बाई?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

त्याने पुढच्या दाराला कडी लावली आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसला. बर्फ पुन्हा पडायला लागला. व्हॅन हलली नाही. त्या पुसलेल्या जागेमागे कुणीतरी श्वास घेत असणार, नाहीतर काच केव्हाच गोठली असती. रॉयला ते बघवेना आणि नजरही काढवेना. शेवटी तो आत जाऊन वकिलाला फोन लावायला लागला. पलीकडे नुसतं संगीत वाजत राहिलं. ते ऐकत असतानाच त्याला गराजचं दार वर गेल्याचा आवाज आला.

गराजच्या दाराला कडी नव्हती. ते त्याला सुचलंच नव्हतं.

तो खिडकीशी धावला. मार्लिस अंगणात होती. काठी काखेत दाबलेली, उजव्या हातात त्याचा कामावरचा थर्मास. पायरीवर टाकायला मीठ काढायला ती डिकीपाशी गेली असणार, कारण तिच्या गळ्यात लाल मफलर होता. एकेक पाऊल तोलत ती व्हॅनकडे निघाली होती.

"मार्लिस!"

तो दार उघडेपर्यंत ती पडली होती. थर्मास घरंगळत गेला. लुळा पाय खाली दुमडला होता, तोंड बर्फात होतं, आणि चांगला हात ती वर करत होती.

शहाण्या माणसाने अशा वेळी काय करावं, ते रॉयइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दारातच उभं राहायचं. फोन करून अँब्युलन्स बोलवायची. फार तर घोंगडी नेऊन पांघरायची, तीही पाठ न वाकवता. मदत येईलच. तोवर ती थंडीत पडून राहील, पण सोमवार वाचेल, आणि सोमवार वाचला तर ती पुढे चालेल. तिच्याच भल्याचं होतं सगळं.

आणि तो थांबला. खरोखरच थांबला. उंबऱ्यावर, दाराची मूठ धरून, समोरच्या व्हॅनकडे बघत, त्याची बायको बर्फात तोंड घालून पडलेली असताना रॉय बेंडिक हिशेब करत राहिला. ते चित्रात नव्हतं. चित्र त्यानंतर सुरू झालं होतं.

"रॉय," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडायची ताकद नव्हती तिच्यात.

मग तो बिनकोटाचा धावला. वाकला, तिच्या काखेत आणि गुडघ्यांखाली हात घातले. ती अंगाने सुटली होती, जड झाली होती, आणि तरी तो तिला घेऊन उभा राहिला. पाठीत काहीतरी फाटत गेलं. ते त्याने दातांखाली धरलं. पायऱ्यांकडे निघाला. आपला पाय पहिल्या पायरीवर पडताना त्याने पाहिला, आणि त्याला कळलं की इथे संपतं. इथून पुढचं कुणीच पाहिलेलं नाही.

दुसरी पायरी तो कसाबसा चढला. तिला ओसरीच्या बाकावर टेकवलं आणि सरळ व्हायला गेला. सरळ होता आलं नाही. कंबरेपासून खाली पाय नव्हतेच जणू. तो पायऱ्यांवरून मागे घसरला आणि बर्फात उताणा पडला. त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. तसा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता, कारण तसा आवाज निघायच्या वेळेपर्यंत रॉय नेहमी निघून गेलेला असायचा.

मार्लिस बाकावरून खाली सरकली. बसूनच एकेक पायरी उतरली आणि त्याच्याजवळ आली. गळ्यातला लाल मफलर काढून तिने त्याच्या मानेखाली घातला.

"हलू नकोस. मी आहे."

तो तिच्याकडे बघत नव्हता. मान वळवून तो रस्त्याकडे बघत होता. वाफेतली ती पुसलेली जागा अजून तशीच होती. म्हणजे अजून बघत होता तो. रॉयने कसाबसा एक हात वर केला.

"बंद करू नकोस!" तो ओरडला. "अरे, थांब! इथून पुढचं घे! हेही घे!"

व्हॅनचं इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा खोकून मग धरणारं ते इंजिन त्याच्या ओळखीचं होतं, इतकी वर्षं तोच ते सुरू करायचा. व्हॅन अजिबात घाई न करता वळली आणि पडत्या बर्फात दिसेनाशी झाली. रॉय हात वर करून ओरडतच राहिला.

मार्लिसने तो हात धरून हळूच खाली घेतला.

"कुणाला हाका मारतोस?" ती म्हणाली. "गेला तो. कॉफीसुद्धा घेतली नाही."